ॲट्रिब्यूशन रिपोर्टिंगची निवृत्ती: क्रोममधील एका जाहिरात-मापन सुविधेचा प्रकरण अभ्यास

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी गूगलने ‘प्रायव्हसी सँडबॉक्स’ या प्रकल्पातील, म्हणजे वापरकर्त्यांचा माग न काढता जाहिरात व्यवसाय चालावा यासाठीच्या प्रकल्पातील, बहुतेक तंत्रे बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. बंद होणाऱ्यांमध्ये टॉपिक्स, प्रोटेक्टेड ऑडियन्स, प्रायव्हेट ॲग्रिगेशन, आयपी प्रोटेक्शन ही नावे होती आणि त्यांच्याबरोबरच ॲट्रिब्यूशन रिपोर्टिंग एपीआय हेही होते. एपीआय म्हणजे संकेतस्थळांना ब्राउझरकडून एखादे काम करून घेता यावे यासाठीची जोडणी; येथे ते काम होते कोणत्या जाहिरातीमुळे खरेदी झाली हे मोजण्याचे. हे तंत्र जुलै २०२३ मध्ये क्रोमच्या ११५व्या आवृत्तीपासून टप्प्याटप्प्याने सर्वसाधारण वापरकर्त्यांपर्यंत पोहोचले होते, म्हणजे प्रत्यक्ष वापरात आल्यानंतर जेमतेम सव्वादोन वर्षांत त्याच्या निवृत्तीची घोषणा झाली. कंपनीने दिलेले कारण थोडक्यात असे होते, की उद्योगाकडून आलेले अभिप्राय, या तंत्रांचा अपेक्षित उपयोग आणि त्यांचा अल्प स्वीकार यांचा विचार करून हा निर्णय घेतला आहे. हे कारण खोटे नाही, परंतु अपुरे आहे. स्वीकार अल्प का राहिला याचा शोध घेऊ लागले, की दोष गणितात किंवा संगणकीय रचनेत थोडा आणि ज्या क्रमाने निर्णय घेतले गेले त्या क्रमात अधिक सापडतो.

मोजायचे काय होते

एखाद्या बातम्यांच्या संकेतस्थळावर वाचकाने पादत्राणांच्या जाहिरातीवर क्लिक केले आणि चार दिवसांनी त्या दुकानाच्या संकेतस्थळावर जाऊन खरेदी केली, तर या खरेदीचे श्रेय त्या जाहिरातीला द्यायचे की नाही, हा जाहिरात-मापनातील मूळ प्रश्न आहे. जाहिरातदार कोणत्या जाहिरातीवर पुढचे पैसे लावणार, हे त्याच्या उत्तरावर ठरते. हे उत्तर अनेक वर्षे थर्ड-पार्टी कुकीतून, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी तिसऱ्याच कंपनीने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीतून, मिळत असे. जाहिरात कंपनी बातम्यांच्या पानावरही हजर असे आणि दुकानाच्या पानावरही, दोन्हीकडे ब्राउझर तिला एकच ओळख क्रमांक दाखवत असे, त्यामुळे क्लिक आणि खरेदी जोडणे हे अगदी सोपे काम होते. अडचण एवढीच, की त्याच क्रमांकाने ती कंपनी त्या व्यक्तीने पाहिलेली इतर शेकडो संकेतस्थळेही एकत्र गुंफू शकत असे.

फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ मध्ये माहीत असलेल्या माग काढणाऱ्या कंपन्यांच्या कुकी सर्व वापरकर्त्यांसाठी मुळातच अडवायला सुरुवात केली आणि सफारीने मार्च २०२० मध्ये सर्वच थर्ड-पार्टी कुकी बंद केल्या. क्रोमची स्थिती वेगळी होती, कारण त्याची मालक कंपनी स्वतःच जाहिरातींवर चालते. तिने ऑगस्ट २०१९ मध्ये प्रायव्हसी सँडबॉक्सची कल्पना मांडली आणि जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, की दोन वर्षांत क्रोममधूनही थर्ड-पार्टी कुकी जातील, मात्र त्याआधी जाहिरात व्यवसायाला पर्यायी साधने दिली जातील. ॲट्रिब्यूशन रिपोर्टिंग हे मापनासाठीचे पर्यायी साधन होते. सुरुवातीला त्याचे नाव कन्व्हर्जन मेजरमेंट असे होते.

रचना

या तंत्रात क्लिक आणि खरेदी यांची जोडणी जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवर न होता वापरकर्त्याच्या स्वतःच्या उपकरणावर, ब्राउझरच्या आत होत असे. क्लिकच्या वेळी सर्व्हर एका हेडरमधून (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संदेशांसोबत जाणाऱ्या छोट्या सूचनेतून) ‘ही जाहिरात नोंदवून ठेव’ असे ब्राउझरला सांगे आणि खरेदीच्या वेळी दुसऱ्या हेडरमधून ‘असा प्रसंग घडला’ असे कळवी. ब्राउझर आपल्या नोंदींत जुळणी शोधे आणि काही काळाने अहवाल पाठवी. हे अहवाल दोन प्रकारचे होते आणि दोन्हींमागचे विचार इतके वेगळे होते, की एका नावाखाली दोन स्वतंत्र तंत्रे नांदत होती असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पहिल्या प्रकारात, म्हणजे प्रसंगनिहाय अहवालात, प्रत्येक क्लिकला ६४ बिटांचा क्रमांक देता येई. एवढ्या मोठ्या क्रमांकाने जगातील प्रत्येक क्लिक वेगळे ओळखता येते, म्हणजे जाहिरात दिसलेल्या बाजूची माहिती पूर्ण तपशिलात उपलब्ध होती. निर्बंध होता तो खरेदीच्या बाजूवर: तिथून फक्त ३ बिट, म्हणजे ८ पर्यायांपैकी एक, एवढेच कळवता येई, आणि जाहिरात नुसती पाहिली असेल, क्लिक केले नसेल, तर फक्त १ बिट. एका क्लिकमागे जास्तीत जास्त ३ अहवाल मिळत आणि तेही लगेच नव्हे, तर मूळ मांडणीनुसार २ दिवस, ७ दिवस आणि ३० दिवस अशा ठरावीक मुदतींच्या शेवटी. याशिवाय ब्राउझर अधूनमधून मुद्दाम खोटे उत्तर देई. तीन मुदती आणि आठ मूल्ये धरली तर एका क्लिकचे एकूण २,९२५ वेगवेगळे निकाल संभवतात. सुमारे ०.२४ टक्के क्लिकांच्या बाबतीत ब्राउझर खरा निकाल बाजूला ठेवून या २,९२५ मधून चिठ्ठी काढल्यासारखा कोणताही एक निवडत असे. डिफरन्शियल प्रायव्हसीच्या, म्हणजे निकालात यादृच्छिकता मिसळून व्यक्तीची माहिती झाकण्याच्या गणिताच्या, परिभाषेत येथे एप्सिलॉनचे मूल्य १४ होते. हे मूल्य जितके लहान तितकी हमी कडक, आणि १४ हे मूल्य शास्त्रीय दृष्टीने बरेच सैल मानले जाते. नवल म्हणजे, एवढी सैल मर्यादाही जाहिरात व्यवसायाला फार आवळलेली वाटली.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एकत्रित अहवालात, एकेका व्यक्तीचा निकाल कुणालाच वाचता येत नसे. ब्राउझर १२८ बिटांच्या एका किल्लीखाली, म्हणजे ती संख्या कोणत्या कप्प्यातली हे सांगणाऱ्या खुणेखाली, संख्या लिहून ती कूटबद्ध करी. जाहिरात कंपनी असे लाखो बंद अहवाल गोळा करून आपल्याच क्लाउड खात्यात, ॲमेझॉनच्या किंवा गूगलच्या यंत्रणेवर, एका सुरक्षित कोंदणात चालणाऱ्या सेवेकडे सोपवी. कूट उलगडण्याच्या (वरच्या किल्लीहून वेगळ्या) किल्ल्या दोन समन्वयकांमध्ये विभागलेल्या असत, त्यामुळे एकटा कुणीही त्या वापरू शकत नसे. बाहेर येई ती फक्त बेरीज, आणि तिच्यात यादृच्छिक नॉइज, म्हणजे मुद्दाम घातलेली लहानमोठी चूक, मिसळलेला असे. कोणत्या कप्प्यांची बेरीज हवी हे आधीच घोषित करावे लागे, आणि एकदा हिशेबात घेतलेले अहवाल पुन्हा वेगळ्या पद्धतीने मोजून पाहण्याची मुभा सर्वसाधारणपणे नव्हती.

या नॉइजचा व्यवहारातील परिणाम आकड्यांशिवाय कळत नाही, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका क्लिकमुळे सगळ्या बेरजांत मिळून जास्तीत जास्त ६५,५३६ एककांची भर घालता येई, अशी मर्यादा होती. समजा, एका ऑनलाइन दुकानाने निम्मी मर्यादा खरेद्यांची संख्या मोजायला आणि निम्मी खरेदीची रक्कम मोजायला वापरली, रकमेची कमाल ५,००० रुपये धरली आणि एप्सिलॉन १० ठेवला. मग प्रत्येक कप्प्यातील रकमेत मिसळणाऱ्या नॉइजचे प्रमाणित विचलन, म्हणजे चुकीचा साधारण आकार, सुमारे १,४१४ रुपये येते. महिन्याभरात ४०० खरेद्या होऊन ४ लाख रुपयांची विक्री झाली आणि तिचा एकच आकडा मागितला, तर चूक ०.३५ टक्क्यांच्या घरात राहते, जी कुणालाही चालेल. पण मालकाने तीच विक्री महाराष्ट्राचे ३६ जिल्हे, ४ जाहिराती आणि ३० दिवस अशी फोडून मागितली, तर ४,३२० कप्पे होतात. एका कप्प्यात सरासरी ९३ रुपयांची खरी विक्री आणि तिच्यावर १,४१४ रुपयांचा नॉइज, अशी अवस्था होते. बहुतेक कप्पे खरे तर रिकामे असतात, तरी प्रत्येकातून काहीतरी आकडा बाहेर पडतो. आणि हे कप्पे पुन्हा जोडून एकूण विक्री काढावी म्हटले, तर नॉइजही साचत जाऊन सुमारे ९३,००० रुपयांपर्यंत, म्हणजे खऱ्या रकमेच्या २३ टक्क्यांपर्यंत, पोहोचतो.

यातून दोन गोष्टी दिसतात. तंत्र निकामी नव्हते, त्याला काय विचारायचे हे आधी नीट ठरवणाऱ्याला ते चोख उत्तर देत होते. मात्र मोठ्या जाहिरातदारांचे कप्पे आपोआपच भरलेले असतात आणि लहानांचे विरळ, त्यामुळे त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नव्हता. एखाद्या प्रादेशिक भाषेतील मर्यादित मोहिमेला, मग ती मराठी असो की एस्टोनियन, हा नॉइज इंग्रजीतील जागतिक मोहिमेपेक्षा कितीतरी जास्त जाणवला असता. चाचणीच्या काळात एकत्रित सेवेत एप्सिलॉन ६४ पर्यंत नेण्याची मुभा होती, त्यामुळे ही अडचण बऱ्यापैकी झाकली गेली. ६४ वर नॉइज नगण्य होतो, पण गणिती हमीलाही फारसा अर्थ उरत नाही.

कुकी गेलीच नाही

आता क्रमाकडे वळू. कुकी काढण्याची मुदत जून २०२१ मध्ये २०२३ च्या अखेरीवर गेली, जुलै २०२२ मध्ये २०२४ च्या उत्तरार्धावर. ४ जानेवारी २०२४ रोजी क्रोमच्या १ टक्का वापरकर्त्यांसाठी कुकी खरोखर बंद झाल्या आणि पर्यायी तंत्रांची पहिली खरी परीक्षा सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुदत पुन्हा पुढे, २०२५ वर, गेली. २२ जुलै २०२४ रोजी कंपनीने दिशाच बदलली: कुकी काढणार नाही, वापरकर्त्यालाच निवड करू देऊ. २२ एप्रिल २०२५ रोजी ही निवड विचारणारी वेगळी खिडकीही दाखवली जाणार नसल्याचे सांगण्यात आले. ॲट्रिब्यूशन रिपोर्टिंगचा शेवट माझ्या मते जुलै २०२४ मध्येच ठरला होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावर फक्त शिक्का बसला.

कारण उघड आहे. जाहिरात कंपनीच्या अभियंत्याच्या हातात एकीकडे अचूक, ताबडतोब, अमर्याद तपशील देणारी कुकी आणि दुसरीकडे उशिराने, गाळून, नॉइज मिसळून येणारा अहवाल असेल, तर दुसऱ्यासाठी क्लाउड सेवा उभारणे, कप्प्यांची आखणी करणे, नोंदणी करून गैरवापर करणार नसल्याचे जाहीर प्रतिज्ञापत्र आपल्या संकेतस्थळावर ठेवणे, हा सगळा खटाटोप तो करील तो केवळ पहिली उद्या जाणार म्हणून. ती जाणार नाही हे कळल्याच्या दिवशी तो खटाटोप निरर्थक झाला. त्यातही एक विसंगती अशी होती, की कुकी चालू असेपर्यंत या तंत्राला दोष शोधण्यासाठीचे वेगळे, लगेच पाठवले जाणारे अहवालही मिळत, आणि ते मिळण्याची अट म्हणजे जाहिरात कंपनीने एक ठरावीक कुकी ठेवलेली असणे. नवे साधन तपासायला सोपे जावे म्हणून केलेली ही सोय होती आणि सोय म्हणून ती योग्यच होती, पण नवे साधन जुन्याच्या कुबडीवर उभे राहून तपासले जात होते हेही तितकेच खरे.

वापरकर्त्याच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिकच विचित्र होते. कुकी जाऊन हे तंत्र आले असते, तर त्याच्याबद्दल किती माहिती बाहेर जाते त्यात घट झाली असती. कुकी राहून हे तंत्रही आले, म्हणजे माहिती बाहेर जाण्याची आणखी एक वाट तयार झाली. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘जाहिरात गोपनीयता’ या सदरात मापनाची एक कळ होती, आणि ती चालू ठेवून सामान्य माणसाला काय मिळत होते याचे प्रामाणिक उत्तर ‘काही नाही’ असेच होते. व्हिएन्नातील नॉयब या डिजिटल गोपनीयतेसाठी लढणाऱ्या संस्थेने जून २०२४ मध्ये ऑस्ट्रियाच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाकडे गूगलविरुद्ध जी तक्रार केली, तिचा रोख संमतीच्या खिडकीवर होता. जाहिरातीसाठीच्या सुविधा चालू करण्याची विनंती गोपनीयतेची सुविधा म्हणून मांडली गेली, असे तिचे म्हणणे होते.

नियामकाची भूमिका

ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने जानेवारी २०२१ मध्ये या प्रकल्पाची चौकशी सुरू केली. शंका अशी होती, की इतरांच्या हातातून कुकी काढून घेतल्यावर स्वतःकडे लॉगिन केलेल्या वापरकर्त्यांची अफाट माहिती असलेले गूगल जाहिरात बाजारात आणखी बळकट होईल. फेब्रुवारी २०२२ मध्ये गूगलने कायद्याने बांधणारी आश्वासने दिली. कुकी काढण्यापूर्वी ६० दिवस, आणि प्राधिकरणाने सांगितल्यास १२० दिवसांपर्यंत, थांबण्याचे कलम त्यांत होते.

गोपनीयतेचे समर्थक या हस्तक्षेपावर रागावलेले असतात, आणि त्या रागात तथ्य आहे: सफारी आणि फायरफॉक्स यांनी कुणालाही न विचारता जे केले तेच करायला क्रोमला स्पर्धा प्राधिकरणाचा दरवाजा ठोठवावा लागला. तरी प्राधिकरणाचा प्रश्न चुकीचा होता असे म्हणता येत नाही. ब्राउझर, जाहिरात विनिमय केंद्र (जिथे जाहिरातींच्या जागांचा लिलाव होतो) आणि प्रकाशकांचा जाहिरात सर्व्हर (जो पानावर कोणती जाहिरात दाखवायची ते ठरवतो) एकाच कंपनीकडे असताना मापनाची फूटपट्टीही तिनेच आखावी, हे स्पर्धकांना मान्य होणे कठीणच होते. व्हर्जिनियातील संघीय न्यायालयात न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी १७ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे कुकींबाबतच्या निवडीची खिडकी न दाखवण्याच्या घोषणेच्या पाच दिवस आधी, प्रकाशकांचा जाहिरात सर्व्हर आणि जाहिरात विनिमय केंद्र या दोन बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला होता. त्या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध कंपनीने सांगितलेला नाही आणि येथे तसा दावाही नाही. परंतु अशा काळात कोणतीही कंपनी स्पर्धकांना उपद्रवी वाटणारा बदल पुढे रेटण्यास कचरेल, एवढे समजण्यासारखे आहे. कुकी काढण्याचा बेतच उरला नसल्याने प्राधिकरणाने गूगलला या आश्वासनांतून मोकळे केले, तेही १७ ऑक्टोबर २०२५ रोजीच.

काढून टाकण्याचे तंत्र

ब्राउझरमधून एखादी सुविधा काढणे बहुधा ती आणण्याहून अवघड असते. क्रोमने जुलै २०२४ मध्ये, १२७व्या आवृत्तीत, म्युटेशन इव्हेंट्स (पानाच्या रचनेत बदल झाल्याचे कोडला कळवणारी) ही जुनी सुविधा काढली तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या पानांचे वागणे बिघडू शकत होते, म्हणून बराच आधीपासून इशारे द्यावे लागले होते. क्रोमियममध्ये, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या मुक्त-स्रोत प्रकल्पात, अशा प्रत्येक निवृत्तीसाठी उद्देश जाहीर करावा लागतो आणि एपीआयची जबाबदारी असलेल्या मंडळींपैकी तिघांची संमती लागते, ती देताना किती पानांवर ती सुविधा वापरली जाते हे पाहिले जाते.

ॲट्रिब्यूशन रिपोर्टिंगच्या बाबतीत हा आकडा दिशाभूल करणारा ठरतो. जाहिरात कंपन्यांचा एकच कोड असंख्य संकेतस्थळांवर बसवलेला असतो आणि तो पान उघडताच या सुविधेला साद घालतो. त्यामुळे पानांच्या टक्केवारीत वापर मोठा दिसू शकतो, पण त्या पानांच्या मालकांना अशी काही सुविधा अस्तित्वात आहे याची कल्पनाही नसते, आणि आलेल्या अहवालांवर कुणी निर्णय घेत होते की ते नुसते साठवले जात होते, हे टक्केवारी सांगत नाही. येथे मोजायला हवी होती ती पाने नव्हेत, अहवाल खरोखर वापरणाऱ्या कंपन्या.

तांत्रिक दृष्टीने मात्र ही निवृत्ती सुखकर आहे, आणि त्याचे श्रेय मूळ आरेखनाला द्यायला हवे. ब्राउझर आपल्या विनंतीसोबत ‘मी नोंद घेऊ शकतो’ अशा अर्थाचा हेडर पाठवी, तो आला नाही तर नीट लिहिलेला सर्व्हर नोंदणीचे उत्तरच देत नाही. पाठवले तरी अनोळखी हेडर दुर्लक्षिला जातो. दुव्यांवर किंवा चित्रांवर लावलेला खास गुणधर्म ब्राउझरला समजेनासा झाला, की दुवा साधा दुवा राहतो आणि चित्र साधे चित्र. वाचकाला पानात काही फरक दिसत नाही. लक्ष द्यायचे ते उपकरणावर साठलेल्या नोंदींकडे. क्लिकच्या नोंदी ३० दिवसांपर्यंत जपल्या जात असल्याने काढण्याच्या क्षणी काही अहवाल वाटेत असणारच. नव्या नोंदी आधी थांबवणे आणि जुन्या संपू देणे हा सरळ मार्ग आहे. त्यापुढे जाऊन उरलेल्या नोंदी वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधून पुसणेही आवश्यक आहे, कारण कोणती जाहिरात कुठे पाहिली याचा तो साठा आता कुणाच्याही उपयोगाचा नाही आणि तरीही संवेदनशील आहे. न वापरला जाणारा कोड ब्राउझरमध्ये ठेवण्याविरुद्धचा सर्वांत सबळ युक्तिवादही हाच आहे.

इतर ब्राउझर आणि पुढचा मसुदा

सफारी आणि फायरफॉक्स यांनी हे तंत्र स्वीकारले नाही. ॲपलने २०२१ मध्ये प्रायव्हेट क्लिक मेजरमेंट आणले, ज्यात जाहिरातीच्या बाजूला ८ बिट, खरेदीच्या बाजूला ४ बिट आणि २४ ते ४८ तासांचा विलंब आहे. क्रोमच्या ६४ बिटांशेजारी ते ८ बिट ठेवले, की दोन कंपन्यांच्या वृत्तीतला फरक लक्षात येतो. ॲपलचा सूर असा: २५६ मोहिमा वेगळ्या ओळखा, व्यक्ती नको. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने जुलै २०२४ मध्ये फायरफॉक्स १२८ मध्ये वेगळ्याच पद्धतीचा प्रयोग केला. त्यात उपकरणावरील निकाल दोन तुकड्यांत फोडून मोझिला आणि इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही ना-नफा संस्था यांच्या स्वतंत्र सर्व्हरवर बेरजेसाठी पाठवण्याची योजना होती. गणिताच्या दृष्टीने हे क्रोमपेक्षा अधिक स्वच्छ होते. पण कळ मुळातच चालू ठेवली गेली, वापरकर्ते संतापले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नॉयबने मोझिलाविरुद्धही तक्रार दाखल केली. जिथे कुकींना आधीच आवर घातलेला आहे, तिथे मापनाची नवी सोय ही भर ठरते, बदली नव्हे, हा आक्षेप तेथेही लागू होता.

निवृत्तीच्या घोषणेत गूगलने म्हटले, की मापनाचे काम यापुढे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संघटनेतील सामायिक मानकाच्या मार्गाने चालू राहील. तेथील प्रायव्हेट ॲडव्हर्टायझिंग टेक्नॉलॉजी कार्यगटाच्या ‘ॲट्रिब्यूशन लेव्हल १’ या मसुद्यात प्रसंगनिहाय अहवाल नाहीत, म्हणजे ६४ बिटांचा क्रमांकही नाही आणि ८ पर्यायांचे उत्तरही नाही. खरेदी झाली की ब्राउझर एक कूटबद्ध आलेख, म्हणजे कप्प्यांनुसार मांडलेले आकडे, पाठवतो, जुळणी सापडली नाही तरी पाठवतोच, आणि प्रत्येक संकेतस्थळासाठीचा गोपनीयतेचा खर्च उपकरणावरच मोजला जातो. रचना अधिक कडक आहे आणि ती ठरवताना एकाहून अधिक ब्राउझर कंपन्या टेबलावर आहेत, ही या प्रकरणातून झालेली खरी प्रगती म्हणावी लागेल. तथापि सफारीत आणि फायरफॉक्समध्ये असे साधन जिथे मापन जवळपास होतच नाही तिथे काहीतरी देऊ करील, तर क्रोममध्ये त्याला पुन्हा त्याच थर्ड-पार्टी कुकीशी स्पर्धा करावी लागेल, जी आजही तिथे मुळात चालू असते.